टोरांटोची उत्तरं

मेर्लोंच्या घरात प्रश्नांची उत्तरं देण्याचं खातं पहिल्यापासून इनेसकडे होतं. टीव्हीवरच्या प्रश्नमंजुषेतला तो चकचकीत दातांचा निवेदक प्रश्न निम्मा वाचतो न वाचतो तोच ती आपल्या खुर्चीतून उत्तर फेकायची. मग स्टुडिओतले वकील नि दंतवैद्य खुशाल बटणं दाबत बसोत. रेनातोचं काम वेगळं होतं. "अगं, हे तुला कसं ठाऊक?" असं विचारायचं. हे काम तो लग्न झाल्यापासून इमानाने करत आला होता. जस्ताच्या कारखान्यात पगारपत्रकं सांभाळत त्याने सारी नोकरी काढली; पोलिश असो की युक्रेनियन, एकाही कामगाराच्या आडनावाचं स्पेलिंग चुकवलं नाही; पण आपल्याला कुणी एखाद्या देशाची राजधानी विचारू नये एवढी त्याची माफक अपेक्षा असे. आणि त्याला विचारणार तरी कोण? सोमवार ते शुक्रवार, संध्याकाळी साडेसातला, विचारायचं निवेदकाने आणि सांगायचं इनेसने.

ऑगस्टमध्ये, टोमॅटोचा रस बाटल्यांत भरून ठेवायच्या गडबडीत, इनेसला अर्धांगाचा झटका आला. हात परत आला. पायही, जरा ओढत का होईना, परत आला. शब्द मात्र आले नाहीत. म्हणजे यायचे, पण भलतेच यायचे. मीठ हवं असलं की ती "मंगळवार" म्हणायची. एकदा तिने रेनातोला "किटली" अशी हाक मारली. आधी तिलाच हसू फुटलं, आणि हसता हसता डोळे भरून आले. "डोक्यात सगळं जागच्या जागी आहे," डॉक्टर म्हणाला. "तिथून तोंडापर्यंतचा रस्ता तेवढा खचलाय." डोंगराळ मुलखातला माणूस, त्याला दुसरी उपमा कुठून सुचणार! आणि पश्चिम कॅनडातल्या त्या स्टिलवेल गावात खचलेला रस्ता किती वर्षांत दुरुस्त होतो ते रेनातोला चांगलं ठाऊक होतं.

बाकीचा दिवस कसाही निघून जाई. साडेसात वाजले की कठीण. निवेदक प्रश्न वाचायचा, इनेस खुर्चीत पुढे सरकायची, ओठांची हालचाल व्हायची. उत्तर तिला ठाऊक आहे हे तिच्या मानेवरूनसुद्धा कळायचं. आणि मग तिकडचा कुणीतरी दंतवैद्य ते सांगून मोकळा व्हायचा, की ही पदराआड तोंड लपवावं तशी स्वेटरच्या बाहीत तोंड लपवायची. रेनातोने टीव्ही बंद करून पाहिला. तेव्हा ती त्याला काहीतरी म्हणाली. शब्द "बटाटा" होता, पण सूर असा होता की त्याने मुकाट्याने टीव्ही पुन्हा लावला.

दर गुरुवारी आरोग्य कार्यालयाकडून कॉलीन वॉडेल नावाची स्पीच थेरपिस्ट घरी यायची. हसरी, उंच मुलगी. दारातून आत येताना दर वेळी वाकायची, गरज नसताना.

"मिस्टर मेर्लो, तुम्ही त्यांच्या तोंडात शब्द घालू नका," तिने सांगितलं. "नुसता पहिला आवाज द्या. दार किलकिलं करा, ढकलतील त्या." तिने चमचा उचलून दाखवला. "च…"

"चमचा!" इनेस ओरडली आणि आपल्याच आवाजाने दचकली.

झालं. रेनातोने त्या दिवसापासून घरभर पहिल्या आवाजांचा सपाटा लावला. "मी…" "मीठ!" "खि…" "खिडकी!" आठवडाभर घर नुसतं मुळाक्षरांनी दणाणून गेलं. पण साडेसातचं काय? पहिला आवाज द्यायचा तर उत्तर माहीत हवं, आणि इथेच मेर्लो घराण्यातली कामाची वाटणी आडवी आली. रेनातोने वाचनालयातून जाडजूड ज्ञानकोश आणला आणि बाण्याने पहिल्या पानापासून सुरुवात केली. टीव्हीवर सायबेरियातल्या नद्या चालू होत्या तेव्हा तो अक्रोडापर्यंत पोचला होता.

तेवढ्यात दुइलिओ आला. दुइलिओ म्हणजे इनेसचा धाकटा भाऊ. खालच्याच गल्लीत राहायचा आणि न विचारता सल्ला देणं हा त्याचा निवृत्तीनंतरचा पूर्णवेळ व्यवसाय होता. मक्याच्या पिठाच्या पोलेंटाची बशी मांडीवर घेऊन त्याने विषय काढला तो भलताच.

"दाजी, केबल म्हणजे गरिबाघरची करमणूक. डिश बसवा डिश! टोरांटोचं चॅनल येतं तिच्यावर. सगळं तीन तास आधी! तिकडची रात्रीची हॉकी आपल्या चहाच्या वेळेला."

"सगळं आधी?" रेनातोने विचारलं. "प्रश्नमंजुषासुद्धा?"

"सगळं म्हणजे सगळं. तोच माणूस, तोच कोट. साडेचारला. अहो, तिकडे ताजं वाढतात आणि तेच तीन तास झाकून ठेवून आपल्या पानात घालतात. पश्चिमेकडच्यांना कोण विचारतो!"

रेनातोचा काटा बशीवर तसाच राहिला. इनेस दुपारी औषध घेऊन झोपायची ती पाचनंतर उठायची.

"घेतो मी डिश," तो म्हणाला. "मला… हॉकी फार आवडायला लागलीय."

दुइलिओने इतक्या आनंदाने त्याच्या पाठीत थाप मारली की पोलेंटा खाली सांडला.

आता डिश बसवणं म्हणजे काय, माणूस येतो आणि बसवून जातो, असं सपाट प्रदेशातल्या लोकांना वाटतं. स्टिलवेल वसलंय दरीत. घरं उतारावर एकाच्या डोक्यावर एक अशी रचलेली. उपग्रह राहतो दक्षिणेला, आणि दक्षिणेला आहे डोंगर. डिशवाला लॉर्न टिबेट्स होकायंत्र हातात धरून अंगणभर, मग माळ्यावर, मग शेगडीच्या धुराड्यापाशी फिरला आणि शेवटी गंभीरपणे म्हणाला, "मिस्टर मेर्लो, तुमचं घर चुकीच्या जागी आहे."

"एवढी वर्षं आम्ही राहतोय!"

"पण डिश नव्हती ना तुमच्याकडे," लॉर्न म्हणाला.

आकाशाची एक फट सापडली, पण ती वरच्या शेजारणीच्या मालकीची होती. पॉली काल्माकॉफबाईंच्या परसात लाकडी न्हाणीघर होतं. त्यांच्या लोकांत आठवड्याला तिथे भट्टी पेटवून वाफ घेतात. त्या न्हाणीघराच्या छपरावरून डोंगराची खिंड बरोबर दिसायची. अडचण एवढीच, की काल्माकॉफबाईंच्या आलुबुखाराची एक फांदी रेनातोने मागे त्यांना न विचारता छाटली होती आणि तेव्हापासून दोन्ही घरांमध्ये फक्त हवामानाबद्दल बोलणं होई, तेही हवा वाईट असेल तरच.

रेनातो टोपी हातात घेऊन गेला.

"डिश? कशाला?" बाईंनी विचारलं.

"हॉकी बघायला."

"हॉकीत मारामारी असते. आमच्या लोकांनी मारामारी नको म्हणून रशिया सोडला. माझ्या छपरावर ती चालायची नाही."

"प्रश्नमंजुषा," रेनातो हळूच म्हणाला. "खरं म्हणजे प्रश्नमंजुषा बघायची आहे."

बाईंनी न्हाणीघराकडे हात केला. "मग बसव. तो माणूस सभ्य आहे."

दोन घरांच्या मधून नगरपालिकेच्या पायऱ्या जात होत्या. त्यांच्यावरून तार न्यायची तर परवानगी हवी. नगरपालिकेतल्या इसमाने नियमांचं पुस्तक उलटसुलट चाळलं. सार्वजनिक पायऱ्यांवरून आडव्या जाणाऱ्या वस्तूंमध्ये झाडाच्या फांद्या होत्या, उत्सवाच्या पताका होत्या; टीव्हीची तार नव्हती.

"पताका म्हणून देतो परवानगी," तो इसम उदारपणे म्हणाला. "उत्सव कुठला लिहू?"

रेनातोला पटकन काही सुचेना. "टोरांटो," तो म्हणाला. त्यामुळे स्टिलवेल नगरपालिकेच्या दप्तरी त्या साली टोरांटोचा उत्सव झालेला आहे.

छपरावर डिश धरून उभं राहायला माणूस हवा होता. लॉर्नने दुइलिओकडे पाहिलं, दुइलिओने आपल्या गुडघ्याकडे पाहिलं, आणि रेनातो वर चढला. न्हाणीघराच्या फळ्यांवर शेवाळ होतं. "जरा डावीकडे, मिस्टर मेर्लो," असं लॉर्न म्हणाला आणि रेनातो डावीकडे गेला तो थेट आलुबुखाराच्या झाडात. पडला म्हणावं तर तसंही नाही. पँटच्या पट्ट्याने फांदीला धरून ठेवलं. दुइलिओ शिडी आणायला म्हणून धावला आणि आधी माणसं घेऊन आला. कारखान्याच्या हिशेब खात्यातला निवृत्त वरिष्ठ कारकून हवेत लटकलेला असताना अर्धी गल्ली खाली उभी राहून त्याला शांत राहायला सांगत होती. काल्माकॉफबाई फक्त एवढंच म्हणाल्या, "ही फांदी तरी ठेवलीस हे बरं केलंस." आणि खाली, आपल्या स्वयंपाकघराच्या खिडकीत, इनेस काचेवर थापा मारत पोट धरून हसत होती. "मंगळवार! मंगळवार!" तिचं ओरडणं चाललं होतं. ऑगस्टनंतर ती तशी पहिल्यांदाच हसत होती. लोंबकळत असतानाही रेनातोला वाटलं, आणखी थोडा वेळ शिडी नाही आली तरी चालेल.

दुसऱ्या दिवशी इनेस झोपल्यावर तो तळघरात गेला. तिथे वाइनच्या पिंपांच्या शेजारी जुना टीव्ही मांडला होता. आवाज बारीक केला. साडेचारला निवेदक आला, तोच कोट. टोरांटोमध्ये दिवे लागले होते आणि इथे खिडकीतून पिंपावर ऊन पडलं होतं. रेनातो हात गुडघ्यांवर ठेवून शाळकरी पोरासारखा बसला आणि उत्तरं पाठ करू लागला. सगळी कुठली लक्षात राहणार! जमतील तेवढी धरली आणि जेवण होईपर्यंत मनात घोळवत राहिला. रॅव्हिओली वाढताना त्याच्या तोंडून "मादागास्कर" निसटलं, पण त्याने ते खोकल्यात दडपून टाकलं.

साडेसात. आफ्रिकेच्या पूर्वेचं मोठं बेट कोणतं, निवेदकाने विचारलं. इनेस पुढे सरकली. ओठ हलले. रेनातो तिच्या मागच्या बाजूला, कान खाजवत, कुणाला ऐकू जाईल न जाईल असं म्हणाला, "मा…"

"मादागास्कर!"

तिने झटकन हाताने तोंड झाकलं. मग हात काढून पुन्हा म्हणाली, "मादागास्कर." तिकडे दंतवैद्याने "श्रीलंका" म्हटलं आणि गुण गमावले. इनेसने वळून रेनातोकडे पाहिलं. तो वाटच पाहत होता.

"अगं, हे तुला कसं ठाऊक?" तो म्हणाला, आणि उठून स्वयंपाकघरात जाऊन त्याने उगीचच नळ सोडला.

धंदा जोरात चालू झाला. अर्थात त्यात खोडे होते. सोमवारी काल्माकॉफबाई चादरी धुवायच्या, आणि त्यांची दोरी नेमकी डिशच्या तोंडासमोर होती. ओली चादर पसरली की टोरांटो गायब. सोमवारी इनेसला निम्मीच उत्तरं यायची, आणि आठवड्याची सुरुवात जड जाते असं घरात सगळ्यांनी धरून चाललं. कधी रेनातोची गल्लत व्हायची. प्रश्न माशाचा आणि हा म्हणायचा "ने…", ती बिचारी ठणकावून सांगायची, "नेपोलियन!" एकदा तर त्याने प्रश्न यायच्या आधीच "पो…" म्हटलं. इनेसने मान वळवून त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं. "पोटात दुखतंय," तो म्हणाला. त्या रात्री त्याला तिने बळेच कडू काढा पाजला.

दुइलिओला हे कळल्याशिवाय कसं राहील? तो एक दिवस सहज आला आणि बहिणीने फटाफट उत्तरं दिलेली पाहून खुर्चीतून उठून उभा राहिला. दुसऱ्या दिवशी क्लबात बोच्चेचे गोळे खेळणाऱ्या मंडळींना घेऊन आला. मग मंडळींच्या बायका आल्या. साडेसातला मेर्लोंच्या दिवाणखान्यात स्वयंपाकघरातल्या खुर्च्याही पुरेनाशा झाल्या. इनेस निळा स्वेटर घालून, ओठांना रंग लावून बसायची. एकेका उत्तराला टाळ्या पडायच्या. रेनातो तिच्या खुर्चीमागे उभा राहून खोकायचा. पहिला आवाज खोकल्यात मिसळायची कला त्याने आता साधली होती. "दाजींचा खोकला बघायला हवा," असं दुइलिओ सगळ्यांना सांगायचा. "वाफ घ्या, न्हाणीघर शेजारीच आहे."

दुइलिओ तिथेच थांबला असता तर. पण त्याने कुणाला न विचारता कॉलीनला फोन केला. "ये आणि बघ, पोरी, तू काय चमत्कार केलायस!"

कॉलीन आली, दारात वाकली, मागे बसली. त्या दिवशी हवा स्वच्छ होती, चादरी नव्हत्या, आणि रेनातोचं पाठांतर दुर्दैवाने पक्कं होतं. इनेसने एकामागून एक उत्तरं दिली. शेवटचं उत्तर देताना तर ती उभीच राहिली. कॉलीनचे डोळे पाण्याने भरले. "माझ्या नोकरीत मी असं पाहिलं नाही," ती दारात रेनातोचे हात धरून म्हणाली. रेनातो खोकला.

पुढच्या आठवड्यात आरोग्य कार्यालयातून फोन आला. मिसेस मेर्लो बऱ्या झाल्यामुळे गुरुवारची भेट बंद करण्यात येत आहे, त्यांची जागा प्रतीक्षेत असलेल्या दुसऱ्या रुग्णाला दिली आहे, हार्दिक अभिनंदन.

रेनातो फोन हातात धरून उभाच राहिला. बऱ्या? त्याच सकाळी तिला कंगवा हवा होता आणि ती कपाटापुढे उभी राहून "पूल, पूल, पूल" म्हणत होती. पहिला आवाज दिल्याशिवाय तिला अजून घरातली एकही वस्तू मागता येत नव्हती.

इनेसला एकटं ठेवता येत नसे, म्हणून तिला घेऊनच तो कार्यालयात गेला. प्रिंगल नावाचे साहेब होते. टेबलाशी कॉलीनही येऊन बसली. इनेस मांडीवर पर्स ठेवून नीट बसली होती. कार्यालयात जायचं म्हणून तिने निळा स्वेटर घातला होता.

"म्हणजे मिस्टर मेर्लो," प्रिंगल म्हणाले, "तुमची तक्रार अशी, की पत्नी बरी झाली?"

"बरी झाली नाहीये साहेब."

"मिस वॉडेलनी स्वतः पाहिलंय. इथे लिहिलंय, बावीस उत्तरं. मला स्वतःला त्यातली चार आली असती."

"ते… ते तसं नाहीये."

"मग कसं आहे?"

रेनातोने टोपी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. इनेस त्याच्याकडे पाहत होती. तिला सगळं कळत होतं. डोक्यात सगळं जागच्या जागी होतं. घरी जाऊन नंतर फोनवर सांगावं, असं त्याच्या मनात येऊन गेलं. पण साहेबांनी फायलीवर शिक्का मारायला हात पुढे केला आणि तो बोलून गेला.

"मी आधी बघतो. तळघरात. डिशवर टोरांटोचं चॅनल येतं, तीन तास आधी. उत्तरं पाठ करतो. आणि संध्याकाळी मागे उभा राहून तिला पहिला आवाज देतो. तो खोकला नसतो."

कॉलीनने मान खाली घातली. मग तिने पेन उचलून इनेसपुढे धरलं आणि हळूच विचारलं, "मिसेस मेर्लो, हे काय आहे?"

इनेसने पेनाकडे पाहिलं. ओठ हलले. रेनातोच्या जिभेवर तो आवाज येऊन बसला होता. त्याने दात घट्ट मिटले.

"मंगळवार," इनेस म्हणाली, आणि पर्स उचलून उभी राहिली.

गाडीत ती सगळा रस्ता खिडकीबाहेर बघत होती. घराच्या पायऱ्या चढताना त्याने हात पुढे केला तो तिने घेतला नाही. कठड्याला धरून, पाय ओढत, एकटी चढली. संध्याकाळी मंडळी जमली तेव्हा ती खोलीतून बाहेर आली नाही. रेनातोने सगळ्यांना तिचं डोकं दुखतंय असं सांगितलं. दुसऱ्या दिवशीही सांगितलं. तिसऱ्या दिवशी कुणी आलंच नाही. कार्यालयातल्या कानगोष्टी फार दिवस कार्यालयातच राहत नाहीत.

दुइलिओ आला तो तोंड पाडून. "मला तरी सांगायचं होतंत दाजी. मी क्लबात सगळ्यांना सांगत सुटलो होतो."

काल्माकॉफबाई बोर्श्ट सुपाचं पातेलं घेऊन आल्या, चुलीवर ठेवलं आणि जाता जाता म्हणाल्या, "चारचौघांत पोपट केलास तिचा. तुला वाटलं, तिला टाळ्या हव्यात."

"तिला टाळ्या आवडत होत्या," रेनातो म्हणाला.

"आवडत होत्या म्हणूनच तर," बाई म्हणाल्या आणि दार ओढून गेल्या.

गुरुवारची भेट परत मिळाली नाही. नाव पुन्हा घालून घेतलं, यादीच्या तळाशी. कॉलीन मात्र कधी कधी आपल्या सुट्टीच्या दिवशी यायची आणि चहा पिऊन जायची. तेवढ्यात चार शब्द घोटून घ्यायची.

रेनातो साडेचारला तळघरात जातच राहिला. का, ते त्याला सांगता आलं नसतं. इनेस साडेसातला खोलीत असायची आणि तो एकटाच दिवाणखान्यात पाठ केलेली उत्तरं गिळत बसायचा. बर्फ पडायला लागलं होतं. अशाच एका संध्याकाळी निवेदक नमस्कार करत असताना खोलीचं दार उघडलं. इनेस आली. घरातला जुना झगा होता अंगावर, ओठांना रंग नव्हता. ती आपल्या खुर्चीकडे गेली नाही. सोफ्यावर त्याच्या शेजारी येऊन बसली. त्याला एवढा आनंद झाला की त्याने बोलायला तोंड उघडलं. तिने त्याच्या तोंडावर आपला तळहात ठेवला.

आणि ठेवूनच दिला.

पहिला प्रश्न आला. रेनातोला उत्तर ठाऊक होतं. इनेसलाही ठाऊक होतं. तिच्या तळहातातून ते त्याला कळत होतं. ती पुढे झुकली, श्वास घेतला, काहीतरी घशापर्यंत आलं आणि परत गेलं. दुसरा प्रश्न. तिसरा. कधी "ब" च्या जागी "ग" यायचा, कधी नुसती हवा. उत्तर माहीत असून तोंड उघडता न येण्याची वेळ त्याच्यावर आयुष्यात पहिल्यांदाच येत होती, आणि हे ती गेले कित्येक महिने रोज सोसत होती. त्याचं नाक वाहायला लागलं, डोळे वाहायला लागले. तिने हात काढला नाही. अर्ध्या तासात एकही उत्तर आलं नाही. निवेदकाने निरोप घेतला. तिने हात काढला, झग्याला पुसला, आणि टीव्ही बंद करायला उठता उठता म्हणाली,

"उद्या."

कुणी पहिला आवाज दिला नव्हता. तो वळून बघेपर्यंत ती खोलीत गेलीसुद्धा.

तो सगळा हिवाळा तसा गेला. रोज साडेसातला ती यायची, शेजारी बसायची, हात ठेवायची. त्याने तळघरात जाणं सोडलं, कारण माहीत नसलं की गप्प बसणं सोपं जायचं. पण तिने हात ठेवणं सोडलं नाही. एखाद्या आठवड्यात एक शब्द यायचा. एकदा "कापूस" आला, प्रश्न संपून जाहिराती लागल्यावर. ती इतकी खूश झाली की तिने त्याच रात्री स्वतः पोलेंटा ढवळला. बघायला कुणी नव्हतं. दुइलिओ कधीमधी यायचा, पण अर्धा तास एवढी शांतता त्याला झेपत नसे.

फेब्रुवारीच्या शेवटी, सकाळी अंथरूण आवरताना, तिला दुसरा झटका आला. हॉस्पिटलात तीन दिवस होती. बोलली नाही. रेनातो तिचा हात धरून बसला आणि पहिले आवाज देत राहिला, मीठ, खिडकी, जे आठवेल ते. नर्स आत येऊन त्याच्याकडे पाहून परत जायची. रविवारी दुपारी इनेस गेली.

चर्चमध्ये गर्दी झाली. काल्माकॉफबाईंच्या लोकांनी दारापाशी उभं राहून, वाद्याशिवाय, त्यांच्या भाषेत काहीतरी गायलं. लोक रांगेने येऊन रेनातोला काय काय सांगून गेले. तो "हो, हो" म्हणत राहिला. कॉलीन दारातून बाहेर पडताना वाकली नाही आणि तिचं डोकं चौकटीला लागलं.

महिनाभराने दुइलिओने विषय काढला. "दाजी, ती डिश आता कशाला? दर महिन्याला पैसे जातात. फोन करून बंद करून टाका, दोन मिनिटांचं काम."

दुसऱ्या दिवशी रेनातोने फोन केला. बराच वेळ बाजा वाजला. मग कुठल्यातरी दूरच्या गावची एक मुलगी आली. आवाज फार गोड.

"बंद करायचंय? अरेरे! कारण सांगाल का, सर? कारण टाकल्याशिवाय संगणक पुढे जात नाही."

"माझी बायको," रेनातो म्हणाला, आणि थांबला.

"पत्नीला चॅनल आवडत नाहीत का?"

"आवडायचे. ती…" पुढचा शब्द समोर होता. त्याला तो दिसत होता. तोंडापर्यंत येत नव्हता. "गे…"

"गेम्सचे चॅनल? आहेत ना आपल्याकडे!"

"नाही. ती गे…"

"गेम शो! कळलं, सर. त्यांना गेम शो आवडतात." मुलगी मनापासून मदत करत होती. तिच्या बोटांखाली कळा खडखडत होत्या. "मग बंद कशाला करता? तुमच्याकडे टोरांटो आहे. मी तुम्हाला न्यूफाउंडलंडचं चॅनल घालून देते, तीन महिने फुकट. तिथे टोरांटोच्याही दीड तास आधी लागतं सगळं. पत्नीला सगळ्यात आधी बघायला मिळेल. चालेल ना, सर?"

रेनातोने स्वयंपाकघराच्या खिडकीतून बाहेर पाहिलं. पागोळ्यांतून पाणी ठिबकत होतं.

"चालेल," तो म्हणाला.

"त्यांना माझा नमस्कार सांगा, सर. आपला दिवस छान जावो."

फोन बंद झाल्यावरही कानाला लावून तो तसाच बसला. मग फोन टेबलावर ठेवला, घसा साफ केला आणि समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत त्याने तो शब्द म्हणून पाहिला.

"गेली."

पहिल्याच खेपेला आला. स्वच्छ, पुरा.